सत्तावनची बंदूक आणि बर्मिंगहॅमचा शिक्का

मागच्या रविवारी दुपारी उद्यमनगरातल्या एका दोस्ताचा फोन आला, म्हणाला लगेच घरी ये, काकांची ठासणीची बंदूक बघायचीय, सत्तावनच्या बंडातली हाय म्हणत्यात आणि एक हॉटेलवाला भिंतीवर लावायला मागतोय. माझं फौंड्रीचं काम आणि जुन्या बंदुकांचं वेड दोन्ही त्याला माहीत, त्यामुळं मी निम्मं जेवण ठेवूनच गाडीला किक मारली.

आपल्या कोल्हापुरात अशी गोष्ट दर चौथ्या घरात ऐकायला मिळते आणि त्याला कारण पण आहे, ३१ जुलै १८५७ ला इथं २७ वी नेटिव्ह पलटण उठली होती. म्हणून माळ्यावर टोपीची (घोड्याच्या ठोक्यानं फुटणाऱ्या बारक्या टोपीवर उडणारी) बंदूक सापडली की ती सत्तावनची ठरते. लोक मुद्दाम खोटं बोलत नाहीत, आजा सांगतो, मग बाप सांगतो, असं चालत येतं.

कुणाचीही ठासणीची बंदूक हातात घेतली की माझं पहिलं काम एकच, नळीत गज सोडायचा, तोंडापाशी बोटानं खूण धरायची आणि तोच गज बाहेरून नळीला लावून बघायचा. निपलपर्यंत, म्हणजे मागं टोपी बसते तिथवर, पोचला तर नळी रिकामी, दोन तीन इंच अलीकडंच थांबला तर आत बार आहे असंच समजायचं आणि तिथंच सगळं थांबवायचं. काळी दारू कोरडी राहिली तर वर्षानुवर्षं जिवंत असते, त्यामुळं ही खात्री झाल्याशिवाय मी घोड्याला हात लावत नाही. ही रिकामी होती.

मग नळीला बँड (नळी दस्त्याला आवळणारे पट्टे) बघितले तर दोनच, सगळं सामान पितळी, आणि टेप लावली तर नळी ३३ इंच. इथंच मला कळलं की ही सत्तावनची नव्हे, कारण सत्तावनच्या काडतुसांच्या भांडणातली जी एन्फील्ड रायफल ती १८५३ च्या पॅटर्नची, म्हणजे त्या साली ठरलेल्या नमुन्याची, तिला तीन बँड आणि ३९ इंची नळी. ही पितळी सामानाची दोन बँडवाली ब्रिटिश आरमारासाठीची, १८५८ ची पॅटर्न. जी पॅटर्नच नंतरची ती बंडात कशी असंल?

पण १८५८ ची पॅटर्न म्हणजे १८५८ ला बनली असं पण नव्हे. अमेरिकेतल्या यादवी युद्धाला शंभर वर्षं होत आली तेव्हा तिकडं जुन्या बंदुकांच्या नकला उडवायचं वेड आलं आणि इटलीत गार्दोनेच्या खोऱ्यात उबेर्ती, पेदेर्सोली असे कारखाने हा माल बनवायला लागले. इटालियन नक्कल ओळखायला सोपी, नळीवर सरकारी तपासणीचे शिक्के असतात, काळ्या दारूचा पीएन आणि छोट्या चौकटीत वर्षाची खूण, १९७४ पर्यंत रोमन आकडे, १९७५ ला एए, मग एबी, असं पुढं. फसवणारा हे शिक्के घासून टाकतो, म्हणून दस्त्यातून नळी काढून खालची बाजू बघायची, तिथं घासायला सहसा कोण जात नाही. स्क्रू पण बोलतात, आपला नेहमीचा पिच गेज (आट्यांचं अंतर मोजायच्या पात्या) लावा, मेट्रिक आटे निघाले तर ती व्हिक्टोरिया राणीच्या काळातली असूच शकत नाही. आपल्याकडं उत्तरेत बनलेला शोभेचा माल वेगळाच, त्यावर कसलाच प्रूफ शिक्का नसतो आणि पितळेवर वाळूच्या साच्याचा दाणा दिसतो, तो ओळखायला तर कोल्हापूरकराला कुणी शिकवायला नको.

दोस्ताच्या बंदुकीवर मी ती चौकट शोधत होतो, मिळालीच नाही. नळी उचलून फिरवली तर बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाऊसचा, म्हणजे इंग्लंडातल्या नळ्या तपासणाऱ्या संस्थेचा, मुकुटाचा शिक्का, आणि वरच्या बाजूला पितळेच्या पॉलिशनं बुजलेली बारीक अक्षरं, ती ब्रशनं हळू साफ केली तर पार्कर-हेल, बर्मिंगहॅमची बंदुका बनवणारी कंपनी. माझा श्वासच अडकला भावांनो. टॉर्च लावून नळीत बघितलं, आतले आटे (गोळीला फिरकी देणाऱ्या चरी) मोजले, पाच! इटालियन दोन बँडवाल्यांना बहुतेक तीनच असतात, सगळीकडं सारख्या खोलीचे. पार्कर-हेलनं मूळ एन्फील्डचे जुने मास्टर गेज (मापं जुळवायचे मूळ नमुने) वापरून या बंदुका केल्या, पाच आटे आणि ते मागं खोल, तोंडाकडं उथळ होत जाणारे, अगदी मूळ बंदुकीसारखे. नंतरच्या काळात नाव तेच राहिलं पण माल इटलीतून यायला लागला, म्हणून बर्मिंगहॅमचा शिक्का आणि छोटा सिरीयल नंबर असलेली शोधत लोक फिरतात. हिचा नंबर छोटा होता.

दोस्ताचं तोंड मात्र उतरलं, म्हणजे डुप्लिकेटच की! मी म्हटलं खुळ्या, भिंतीवर लावायला कुठलीपण चालंल, ही नेमबाजाची रायफल आहे. तेवढ्यात काकू आतनं बोलल्या, अरे हे बर्मिंगहॅमला कारखान्यात होते न्हवं, शनिवारी तिथल्या क्लबात जायचे बंदूक घेऊन, येताना रीतसर कागद करून आणली. चाळीस वर्षांत ही गोष्ट कुणी विचारलीच नाही म्हणून सत्तावनची चिकटली. त्यांनी ट्रंकेतनं एक कापडी पिशवी काढली, त्यात जास्तीचा निपल, पाना आणि गोळ्यांचा साचा. साचा मी कितीतरी वेळ हातात धरून बसलो होतो.

हॉटेलवाल्याचा विषय संपला, कारण ठासणीची असली तरी चालू बंदुकीला लायसन लागतंच, सूट फक्त दुरुस्त करूनसुद्धा उडणार नाही अशा जुन्यापान्यांना. खरोखर शंभर वर्षांवरची निघाली असती तर १९७२ चा पुरावस्तूंचा कायदा पण आला असता. लायसन काकांच्या नंतर दोस्ताच्या नावावर झालंय, तेवढं बरं आहे.

नंबर आणि शिक्क्यांचे फोटो काढून ठेवलेत, नळी तेल लावून परत बसवली. पितळ काळं पडलं तरी पडू दे, पितांबरी लावू नका, आणि नळीला पॉलिश पेपर तर अजिबात नको, एवढं काकूंना दोनदा सांगून आलोय.