संदर्भासहित स्पष्टीकरण

शाळेच्या हीरकमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहावे असे पत्र आले आणि लिहायचे ते मराठीच्या सरांविषयीच, हे मी पत्र वाचता वाचताच ठरवून टाकले. बाकीच्या शिक्षकांविषयी आदर आहेच. त्यांच्याविषयी इतर कोणी लिहील. सरांचे नाव छापण्याचीही गरज नाही, कारण जिन्याशेजारच्या वर्गात ज्यांनी त्यांचा तास अनुभवला त्यांना ते कळलेच असेल. मी कॅथलिक धर्मगुरू आहे, नवी मुंबईतील एका धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) दर रविवारी मराठी मिस्सात (चर्चमधील सामुदायिक उपासनेत) प्रवचन करतो, आणि त्या प्रवचनाची तयारी ज्या रीतीने करतो ती रीत मला धर्मगुरू घडवणाऱ्या गोरेगावच्या सेमिनरीच्या कितीतरी आधी, ठाण्याच्या तलावपाळीपासून हाकेच्या अंतरावरील आपल्या शाळेत मिळाली. सर स्वतः माळकरी होते, हेही सांगितले पाहिजे.

'संदर्भासहित स्पष्टीकरण करा' हा इतरांच्या लेखी तीन गुणांचा प्रश्न होता. सरांचा दंडक असा की, कोण बोलतो, कोणाशी बोलतो, कोणत्या प्रसंगी बोलतो आणि आधीच्या वाक्यात काय होते, ही चार उत्तरे वहीत उतरल्याशिवाय 'लेखकाला असे म्हणायचे आहे' हे शब्द लिहायचेच नाहीत.

एकदा चाचणीच्या वह्या वाटताना त्यांनी वर्गातल्या एका हुशार मुलाला उभे केले. त्याने गाईडमधले वाक्य पाठ करून लिहिले होते : 'प्रस्तुत ओळीतून लेखकाने मानवी जीवनातील एक चिरंतन सत्य मार्मिक शब्दांत मांडले आहे.' सरांनी ते त्याला खणखणीत आवाजात वाचायला लावले. मग वेगवेगळ्या धड्यांतल्या तीन ओळी फळ्यावर लिहिल्या, त्यांतली एक तर बैलाच्या विक्रीविषयी होती, आणि प्रत्येक ओळीखाली तेच उत्तर पुन्हा वाचायला सांगितले. ते तिन्ही ओळींना बसले. वर्ग हसला, तो मुलगाही हसला. सर मात्र हसले नाहीत. 'ह्यात बैल कुठं आहे?' एवढेच त्यांनी विचारले आणि पुढची वही उचलली.

'देव प्रेम आहे, आपणही एकमेकांवर प्रेम करावे' या वाक्यावर कोणत्याही रविवारचे प्रवचन संपवता येते. त्यात खोटे काहीच नाही, पण त्यात बैल नसतो.

वाचकांपैकी बहुतेकांना आमची पद्धत परिचित नसेल. प्रवचनाचा उतारा धर्मगुरू स्वतः निवडत नाही. जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्ये बायबलचे भांडार भाविकांसाठी अधिक मोकळे करण्याचा निर्णय घेतला आणि १९६९ मध्ये रविवारच्या वाचनांचा तीन वर्षांचा क्रम आला : येशूचे चरित्र सांगणाऱ्या चार शुभवर्तमानांपैकी एक वर्ष मत्तयाचे, एक मार्काचे, एक लूकचे, आणि योहान मुख्यतः ईस्टरपासूनच्या पुनरुत्थानकाळात. मोठ्या सणांचे काळ सोडून उरलेल्या, म्हणजे सामान्य काळातल्या रविवारी पहिले वाचन जुन्या करारातून, शुभवर्तमानाशी जुळेल असे घेतलेले असते. दुसरे, प्रेषितांच्या पत्रांतले वाचन मात्र आपल्या क्रमाने पुढे सरकत असते, त्याचा त्या दिवशीच्या शुभवर्तमानाशी संबंध असेलच असे नाही. तिन्हींची ओढूनताणून मोट बांधण्याच्या नादात पुष्कळ प्रवचने वाया जातात.

२० जुलै २०२५ च्या रविवारी लूकमधला मार्था आणि मरीया या बहिणींचा उतारा होता. मार्था पाहुणचारात गुंतलेली, मरीया येशूच्या पायाशी बसून ऐकणारी. मार्था तक्रार करते आणि येशू मरीयेची बाजू घेतो. स्वयंपाक आटोपून मिस्साला आलेल्या बायकांच्या कपाळावर या उताऱ्याने आठी पडते, आणि ती रास्त आहे. त्यातून त्या दिवशीचे पहिले वाचन उत्पत्तीच्या अठराव्या अध्यायातले : भर उन्हात तीन पाहुणे दिसताच अब्राहाम धावत सुटतो, पत्नी सारेला पीठ मळायला सांगतो, कोवळे वासरू रांधायला देतो. एका वाचनात पाहुणचाराची थोरवी, दुसऱ्यात त्याच पाहुणचारावरून कानउघाडणी. येथे सरांचा चौथा प्रश्न कामी येतो. लूकच्या दहाव्या अध्यायात मार्थेच्या लगेच आधी, वाटेत जखमी पडलेल्या परक्याची शुश्रूषा करणाऱ्या चांगल्या शोमरोन्याचा दाखला आहे, आदल्या रविवारी वाचलेला, आणि तो 'जा आणि तूही तसेच कर' या आज्ञेवर संपतो. कृती करा असे बजावून झाल्यावर लगेच जो लेखक ऐकणारी मरीया दाखवतो, त्याला कृती कमी लेखायची नाही. येशू मार्थेला चूल विझवायला सांगत नाही. तो बोट ठेवतो ते तिच्या चिंतेवर आणि दगदगीवर. अब्राहामही पाहुणे जेवत असताना झाडाखाली त्यांच्याजवळ उभा आहे, आणि पुत्राचे वचन त्याला तेथेच मिळते. आमचे वाचन या वचनापाशी थांबते. सारा तंबूच्या दारातून हे सगळे ऐकत होती, हे पुढच्याच ओळीत आहे. ते मी प्रवचनात मुद्दाम सांगितले, कारण पीठ मळणाऱ्या बाईनेही ऐकले होते.

हे सारे थोडक्यात बसवावे लागते. प्रवचन आठ मिनिटांपेक्षा लांबू नये, असे पोप फ्रान्सिस यांनी जून २०२४ मध्ये सांगितले तेव्हा मला तीन गुणांसाठी दीड पान लिहिणाऱ्यांचे गुण कापणारे सर आठवले.

आता भाषेच्या परीक्षेत कृतिपत्रिका असते. चौकटी पूर्ण करायच्या, जोड्या लावायच्या. तो जुना प्रश्न गेला याची हळहळ मला आहे आणि ती मी लपवत नाही. शनिवारी संध्याकाळी मोबाइलवर तयार प्रवचनेही येऊन पडतात, सुबक आणि कोणत्याही धर्मग्रामात खपतील अशी. गाईड काही संपलेले नाही.

मार्थेचा उतारा २०२८ च्या जुलैत पुन्हा येईल. त्या दिवशीचे दुसरे वाचन कलस्सैकरांस लिहिलेल्या पत्रातले आहे आणि त्यावर बोलायचे मी २०२५ मध्ये जाणूनबुजून टाळले होते. पुढच्या खेपेस तेच घेणार आहे. कलस्सै येथील ज्या लोकांनी आपले तोंडही पाहिलेले नाही, त्यांना पत्राचा लेखक, प्रेषित पौल, आपल्या दुःखांत आनंद वाटतो असे का लिहितो, म्हणजे सरांच्या 'कोणाशी बोलतो' या प्रश्नापासूनच सुरुवात करावी लागेल.