कुंभार्ली घाट, भरलेली सहा टायरी गाडी आणि माझा डावा पाय

हेवी लायसन हातात येऊन दीड महिना झाला होता. तेवढ्या दिवसांत ट्रक चालवला तो रिकामा, आणि तोही कराडच्या आसपास. भरलेली गाडी घाटातून न्यायची वेळ दिवाळीनंतर आली. जाताना चिपळूणला साखरेची पोती, येताना जांभ्याचे चिरे. शेजारी मामा बसलेले. त्यांची उभी हयात याच रस्त्यावर गेली. गाडी जुनी, पाच गिअरची. मुठीवरचा गिअरचा नकाशा घासून गुळगुळीत झालेला, त्यामुळे बघून गिअर टाकायची सोयच नव्हती.

पहाटे तीनला कराड सोडलं. तुम्हीही याच सुमाराला निघा. पाटणच्या बाजारपेठेतून अंधारातच पार होता आणि घाटात उजेडी उतरता. रिकामी गाडी मी दुसऱ्यावर उचलायचो. भरलेली तशी उचलायला गेलो तर मामा म्हणाले, "आरं, पोती हायती मागं. पयला कशाला दिलाय?" भरलेली गाडी सपाटीवरसुद्धा पहिल्यावरच उचलायची. दुसऱ्यावर उचलली तर क्लच प्लेट घसरत राहते, आणि तो जळका वास एकदा केबिनमध्ये आला की दिवसभर जात नाही.

मल्हारपेठेपर्यंत माझा प्रत्येक गिअर कर्र करत पडत होता. चूक हाताची नव्हती, घाईची होती. कारची सवय असते ना, क्लच दाबला की फटकन पुढचा गिअर. ट्रकच्या गिअरबॉक्समधली दातेरी चाकं जड. वरचा गिअर टाकायचा तर त्यांचा वेग आधी उतरावा लागतो. म्हणून क्लच पूर्ण खाली, मूठ न्यूट्रलला, तिथं क्षणभर दम, मग पुढचा गिअर. मूठ आवळायची नाही, तळव्यानं नुसती दिशा दाखवायची. काम झालं की हात परत स्टिअरिंगवर. मुठीवर हात टाकून बसायची मला खोड होती. त्या वजनानं आतला, गिअर सरकवणारा फोर्क झिजतो. क्लचवर पाय टेकवून चालवलं की क्लचचं बेअरिंग जातं, ते वेगळंच.

खालचा गिअर टाकणं हे खरं काम. आमच्या गाडीचा दुसऱ्या गिअरचा सिंक्रो, म्हणजे गिअर पडताना चाकांचा वेग जुळवणारी कडी, झिजलेला, त्यामुळे डबल क्लचशिवाय तो पडतच नाही. क्लच दाबा, न्यूट्रलला आणा, क्लच सोडा. न्यूट्रलमध्येच एक रेस मारा. परत क्लच दाबून खालचा गिअर. ती मधली रेस आतली चाकं फिरती करून खालच्या गिअरच्या वेगाला आणते. रेस कमी पडली तर खरखर, जास्त झाली तरी खरखर. किती द्यायची हे लिहून सांगता येणार नाही. मामा एवढंच म्हणत होते, "कानानं बघ की."

या रस्त्याची एक फसवणूक आहे, ती नव्या माणसानं लक्षात ठेवावी. पाटण, हेळवाकपर्यंत रस्ता कोयनेच्या काठाकाठानं येतो, चढ फारसा जाणवत नाही. घाटमाथाही झटकन येतो. वरच्या गिअरमध्ये गुंगत येणारा माणूस पाहतो तोवर समोर थेट कोकण. इंजिनानं घाटाची कल्पनाच दिलेली नसते. म्हणून घाटमाथ्यावर गाडी बाजूला लावा, चहा घ्या आणि ब्रेकच्या दोन्ही टाक्यांच्या हवेचे काटे बघा, ट्रकचा ब्रेक या हवेवरच चालतो. उताराचा गिअर इथंच, गाडी उभी असताना ठरवायचा. घाट ज्या गिअरमध्ये चढाल, त्याच गिअरमध्ये किंवा एक खाली उतरा. आम्ही दुसऱ्यावर उतरलो.

उतारावर आरपीएमचा, म्हणजे इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा बघत राहा. इथं गाडीच इंजिनाला ढकलत असते, त्यामुळे रेसवरचा पाय काढला तरी काटा लाल पट्ट्यात जाऊ शकतो. एक्झॉस्ट ब्रेक (धुराची वाट अडवून इंजिनाकडूनच गाडी रोखणारा) लावून ठेवा, पण क्लच दाबला की तो बिनकामाचा, एवढं ध्यानात असू द्या. पायातला ब्रेक घासत ठेवायचा नाही. ठाम दाबा, वेग पडू द्या, पूर्ण सोडा. सतत पंप केलात तर हवा संपते, आणि नुसता टेकवून ठेवलात तर ब्रेकचे लायनर तापून ब्रेक लागेनासा होतो. उतारावर खालचा गिअर शोधायला जाऊन न्यूट्रलमध्ये अडकलात, तर मुठीशी झटापट करू नका. आधी ब्रेकनं वेग मोडा, मग गिअर. डिझेल वाचवायला न्यूट्रलवर घाट उतरणारे बहाद्दर आजही भेटतात. त्यांच्या पुढं राहू नका, जाऊ द्या त्यांना.

घाटाखाली पोफळीला उतरल्यावर मामांनी गाडी थांबवून चाकांजवळ हात नेला, ब्रेकच्या ड्रमला न लावता. धग बेताची होती. चिपळूणचा बहादूरशेख नाका, पोती उतरवणं, वाराईची म्हणजे हमालीच्या पैशांची घासाघीस यात दुपार झाली. त्यात सांगण्यासारखं काही नाही. जेवण मात्र चिपळुणातच उरका, चिरे भरल्यावर कपड्यांची लाज वाटते.

घोटाळा झाला तो परतीला, चढणीवर. वळण दिसत होतं, तरी गाडी तिसऱ्यावर ओढतेय म्हणून मी ओढू दिली. वळणाच्या ऐन पोटात तिचा दम संपला. दुसरा टाकायला गेलो, घाईत रेस विसरलो, कर्र झालं आणि मूठ न्यूट्रलला. गाडी थांबली आणि हातभर मागं सरकली. ब्रेक दाबला, हँडब्रेक ओढला. मागं हॉर्नचा गलका. क्लीनर पोरानं उडी टाकून चाकामागे दगड लावला होता. मामा शांत. म्हणाले, "हवा किती हाय? मग घाई कुणाला हाय?"

पहिला टाकला. क्लच हळू वर घेतला. इंजिनाचा आवाज जड होऊन केबिन किंचित उचलल्यासारखी झाली, तेव्हा हँडब्रेक सोडला, रेस दिली, निघालो. अर्ध्या क्लचवर गाडी तोलून धरू नका, प्लेट जळते. आणि गिअर उतरवायचा तो वळणाच्या अलीकडे, सरळ रस्त्यावर, आरपीएमचा काटा हिरव्या पट्ट्याच्या तळाला टेकायच्या आत.

पोरगा दगड उचलून कडेला टाकूनच धावत आला. हे मुद्दाम लिहितोय. घाटात रस्त्याच्या मधोमध असे किती दगड पडलेले असतात! गाडी निघाली की दगड तसाच, आणि रात्री दुचाकीवाला त्याच्यावर. तुमच्याबरोबर क्लीनर असेल तर त्याला आधीच बजावून ठेवा. लाकडी ठोकळ्याला दोरी बांधून ठेवली तर आणखी बरं.

कराडला पोचलो तेव्हा अंधार पडला होता. चिरे उतरवायच्या आवारात गाडी उलटी घ्यायची होती, आणि रिव्हर्स काही केल्या पडेना. क्लच दाबून मी मूठ रेटत होतो, आतून खरखर. मामा खाली उतरून हाताच्या खुणा करत होते, तिथूनच ओरडले, "तिसऱ्याला शिव आधी!" तिसरा टाकून काढला, तशी आतली फिरती चाकं थांबली आणि रिव्हर्स लोण्यात सुरी जावी तसा पडला.