पान २७२

गोधड्यांना ऊन दाखवायचं म्हणून परवा दुपारी दिवाणाखालची आईची पत्र्याची पेटी ओढली. जळगावात मे महिन्यात खरं तर उन्हालाच गोधडी दाखवायची असते, तासाभरात काम होतं. चार गोधड्या निघाल्या, एक लुगडं निघालं आणि तळाशी, दुसऱ्या कुठल्या तरी लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेलं एक जाड पुस्तक. खाकी कव्हर, पाठीवर पांढऱ्या रंगात घातलेला नंबर. पाहताक्षणी ओळखलं. ओळखलं म्हणूनच लगेच उघडलं नाही, आधी दाराकडे पाहिलं. वयाच्या ५३ व्या वर्षी, स्वतःच्याच घरात.

उघडल्यावर पानांतून काहीतरी टपकन फरशीवर पडलं. झुरळ समजून पाय मागे घेतला, तर तो बिबड्याचा तुकडा होता. नखाएवढा, कडेला एक तीळ चिकटलेला.

बिबडे म्हणजे काय ते सांगत बसत नाही. ज्यांना माहीत नाही त्यांनी खान्देशातली एखादी मावशी जोडावी आणि उन्हाळ्यात पहाटे पाचला तिच्या दारात जाऊन उभं राहावं. तीन दिवस भिजवलेल्या ज्वारीचा घाटा पातेल्यात रटरटत असतो, त्यातला वाटीभर तेल घालून हातात मिळतो, आणि पुढचं मग कोणी सांगावं लागत नाही.

आमचं आजोळ अमळनेरहून चोपड्याकडे जाणाऱ्या रस्त्याला, तापीच्या अलीकडे. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आई माहेरी यायची, आणि तिच्या पिशव्यांबरोबर आम्हीही. आखाजी झाली, झोके उतरले की गल्लीतल्या बाकीच्या लेकी सासरी परतत. आई मात्र बिबडे, शेवया, कुरडया होईपर्यंत राहायची. या कामात मला कोणी हात लावू देत नसत, कारण मी एकदा घाट्यात दोनदा मीठ घातलं होतं. हे मीठ मी मुद्दाम घातलं होतं असं ताईचं, म्हणजे माझ्या मामेबहिणीचं, अजून मत आहे. काही असो, माझ्याकडे राखण आली.

राखण म्हणजे धाब्यावर, घराच्या सपाट मातीच्या छतावर, बसून कावळे हाकलायचे. खाटेवर ओलं धोतर पसरून त्यावर बिबडे थापलेले, आणि खाटेखाली मी, पालथी, कादंबरी घेऊन. पहिला तासभर वरून पाण्याचे थेंब टपकत. सुंभाच्या विणीतून उजेड चौकटी-चौकटीने पानावर पडे, आणि लसूण-मिरचीचा वास तर असा की त्या काळात वाचलेल्या सगळ्या नायिका मला थोड्या तिखटच आठवतात. कावळा वर उतरला की कापडातून त्याच्या पायांची हालचाल दिसायची. मग खालून खाटेला टाचेचा एक ठोसा. कावळा उडायचा आणि माझी ओळसुद्धा चुकायची नाही. मध्येच हात बाहेर काढून कडेचा एखादा अर्धवट वाळलेला बिबडा सोलून घ्यायचा, वरून कडक, खालून चिवट. संध्याकाळी आई मोजायला लागली की मी कावळ्यांना दोष द्यायचे.

पुस्तकं आणायचे मामा. बाजाराच्या दिवशी तालुक्याला गेले की तिथल्या वाचनालयातून. मामा स्वतः पेपरातला कापसाचा भाव सोडून काही वाचत नसत. वाचनालयात गेल्यावर त्यांची मागणी ठरलेली, “भाचीला पाहिजे. जाड द्या.” पातळ पुस्तक दोन दिवसांत संपतं आणि पोरगी पुन्हा मागे लागते, हा साधा हिशोब. त्यामुळे माझं बालपणीचं साहित्यिक शिक्षण पूर्णपणे वजनावर झालं. बाबुराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या, पण त्यातली एकही माझ्यापर्यंत पोचली नाही. त्या पातळ होत्या, मामांच्या तराजूत उतरल्या नाहीत. मला मिळाल्या त्या ऐतिहासिक कादंबऱ्या, ज्यात पहिली चाळीस पानं नुसती पहाट होत असे; वाड्यातल्या कादंबऱ्या; आणि सोसणाऱ्या बायकांच्या कादंबऱ्या, ज्या सगळ्यांत जाड असत. सोसायला पानं लागतात.

आजीला अक्षरओळख नव्हती. पण १९२४ ते १९३० साने गुरुजी अमळनेरच्या शाळेत मास्तर होते, आजीच्या थोरल्या भावाने त्यांना पाहिलं होतं, आणि त्यामुळे छापलेलं प्रत्येक पुस्तक गुरुजींचं, अशी तिची ठाम समजूत. पुस्तक जमिनीवर दिसलं की ती ते उचलून कपाळाला लावायची. “काय वाची राह्यनी वं पोरी?” असं विचारायची, आणि उत्तराची वाट न पाहता समाधानाने निघून जायची. मी त्या वेळी जमीनदाराच्या खुनाच्या शंभराव्या पानावर असायचे. त्या खुनातही तसं काही उरलेलं नसायचं म्हणा. माझ्याआधीच्या कोणा वाचकाने तिसऱ्याच पानावर शिसपेन्सिलीने लिहून ठेवलेलं असे, “दिवाणजीने मारले.” खाली दुसऱ्याच अक्षरात, “नालायका, सांगितले कशाला?” आणि त्याखाली तिसऱ्याचं, “तरी वाचनीय.” हा तिसरा वाचक मला फार आवडायचा. अमुक पानावर पुढच्या वाचकाने चहा प्यावा, असं लिहिणाराही एक होता. पुढे मोठाल्या समीक्षकांचं वाचलं, पण इतकं नेमकं कोणी बोललं नाही.

दहा वाजले की धाब्यावरची खारी माती तापायची. बिबडे मग स्वतःचे स्वतः वाळत, कावळेही सावलीला जात. आम्ही खाली यायचो. धाब्याच्या घरात दुपारी काळोख असतो, आणि तोच त्याचा गारवा. मधल्या खोलीच्या छताला उजेडासाठी एक भोक होतं, पाऊस आला की त्यावर पालथं टोपलं पडायचं. उन्हाळ्यात मात्र त्यातून उन्हाचा एक खांब सरळ खाली उतरे, ताटलीएवढा गोल. सगळं घर निजलेलं, आणि मी त्या ताटलीत पुस्तक धरून. ऊन सरकायचं तशी मीही सरकायचे. बाराला उखळाजवळ, दोनला आजीच्या पायाशी, साडेतीनला कणगीच्या बुडाला. चारला तो गोल भिंतीवर चढायला लागे आणि मला उभं राहून वाचावं लागे. कुठली कादंबरी कुठे संपली ते मला नावावरून आठवत नाही, जागेवरून आठवतं. नायक मेला तो उखळाजवळ.

ही खाकी कव्हरातली मात्र संपलीच नाही. १९८४ चा मे महिना, माझी सहावी झालेली. वाड्यातली एक बाई, तिचं नाव मला अजून पाठ आहे, सगळं सोसून सोसून एका रात्री उठते, एक ट्रंक घेते आणि नदीवर येते. पाऊस. नाव तयार आहे. पान २७२, शेवटची ओळ: नावाड्याने दोर सोडला आणि तिने मागे वळून

पुढे पुठ्ठा.

मी तो पुठ्ठा नखाने खरवडून पाहिला होता. छापखान्यात सोळा पानांचा एक फॉर्म असतो हे खूप नंतर कळलं. २७२ म्हणजे बरोबर १७ फॉर्म. अठरावा शिवणीतून निखळून कुठेतरी गेलेला. पण बाराव्या वर्षी हे कळून तरी काय होणार होतं? मागे वळून काय? पाहिलं? पाहिलं नाही? मराठीत क्रियापद शेवटी येतं याचा इतका राग मला व्याकरणाच्या तासालाही कधी आला नाही.

रात्री धाब्यावर अंथरुणं पडली की पोरं गोष्ट मागत. ताईला सांगितलं, ती वळली, तिने नाव परत किनाऱ्याला लावायला लावली आणि सासूला जाब विचारला. धाकट्या मामेभावाला सांगितलं, नाव बुडाली, कारण त्याला कोणीतरी बुडालेलं लागायचं. स्वतःला काय सांगितलं ते आठवत नाही. बहुधा रोज वेगळं.

त्याची एक खोड लागून राहिली आहे. आजही कादंबरी वाचताना शेवटची सोळा-सतरा पानं उरली की मी पुस्तक मिटते. एक दिवस जाऊ देते, कधी आठवडा. नवरा म्हणतो, लहान पोरं आंब्याची कोय राखून ठेवतात तसं आहे हे. तसं नाहीये, पण कसं आहे ते मला सांगता येत नाही, आणि तो रस ओरपत असतो.

कॉलेजात ‘कोसला’ हाती आली. १९६३ ची कादंबरी, लिहिणारे नेमाडे आमच्याच जिल्ह्यातल्या सांगवीचे. पांडुरंग सांगवीकर पुण्याला शिकायला जातो आणि सगळं करून घरी, गावाला परत येतो. तोवर माझी समजूत अशी की कादंबरीत ऊन पडतं ते कोवळंच. लोक पुण्यात राहतात किंवा गिरगावात, त्यांच्याकडे मोगरा असतो, उन्हाळ्यात ते थंड हवेला जातात. आमच्यासारखं, ओलं फडकं डोक्याला गुंडाळून बसायचं ऊन पुस्तकात येऊ शकतं, हे ठाऊकच नव्हतं. तीही कादंबरी मी शेवटची पानं ठेवून दोन दिवस थांबले होते.

तर, ते पुस्तक मी परत दिलं नाही. हरवलं म्हणून सांगितलं आणि कणगीमागे लपवलं. अर्ध्यावर सुटलेली बाई परत देऊन टाकणं मला जमेना, एवढंच. मामा वाचनालयात गेले, अनामत रक्कम सोडली, कार्ड बंद झालं. मला म्हणाले, “हरवतं एखादं.” पुढच्या उन्हाळ्यात मी कणगीमागे हात घातला, तेव्हा तिथे काहीच नव्हतं. उंदरांनी नेलं असं मी धरून चालले, ४१ वर्षं.

आणि आता ते आईच्या पेटीत, लुगड्याच्या तुकड्यात, नीट चौकोनी घडी घालून. आई चौथी शिकलेली. तिला कधी पुस्तक घेऊन बसलेली पाहिल्याचं मला आठवत नाही. तिला जाऊन सहा वर्षं झाली. २७२ व्या पानाचा खालचा कोपरा दुमडलेला आहे. तो मी दुमडला होता का, हे मी परवापासून आठवून पाहते आहे. मी पानं दुमडत नाही. तेव्हाही दुमडत नसे.

लेक म्हणाली, नाव सांग, दोन मिनिटांत नवी प्रत मागवते. मी सांगितलं नाही. इथेही सांगत नाही, कोणीतरी लगेच शेवट कळवील.

संध्याकाळी ताईचा फोन आला. ज्वारी भिजत घातली आहे, तुला तिखट ठेवू की साधे? तिखट, म्हटलं. मग मीच विचारलं, तुला ती नावेतली बाई आठवते का गं? “न आठवायला काय झालं,” ताई म्हणाली, “सुनेला परवाच सांगितली ती गोष्ट. परत आली होती ना ती? सासूला चांगलं सुनावलं होतं ना तिने?”

“हो,” मी म्हटलं. “आली होती.”