तिरुओणमची सद्या, फोर्टातल्या पंगतीत

शारजात आम्ही नऊ वर्षं होतो तेव्हा समोरच्या फ्लॅटमध्ये त्रिश्शूरची एक चेची राहायची. चेची म्हणजे मल्याळममध्ये मोठी बहीण, आणि माझी ती खरोखरच बहीण झाली. ओणमला तिकडच्या केरळी हॉटेलांबाहेर सद्याच्या, म्हणजे केळीच्या पानावर वाढायच्या सणाच्या जेवणाच्या, पार्सलांसाठी ही मोठी रांग लागायची. चेचीने मात्र कधी पार्सल आणलं नाही. सण आठवड्यात कधीही येवो, सुट्टीच्या शुक्रवारी ती पहाटे चारला उठून नारळ खवायला बसायची आणि दुपारी जमिनीवर केळीची पानं मांडायची. त्यातली दोन आमची असायची.

तिची लेक दीड वर्षापूर्वी ऐरोलीत नोकरीला लागली आणि ठाण्यात आमच्यापासून दोन गल्ल्यांवर पीजीमध्ये राहायला आली. घर सोडून राहणाऱ्या मल्याळी माणसाला ते लोक ‘मरुनाडन’ म्हणतात, परमुलखातला. आम्ही शारजात परमुलखातले होतो, ती आमच्या ठाण्यात. ‘सणाला पोरीचं बघ’ एवढंच चेची फोनवर म्हणाली होती.

पहिल्या वर्षी मी ते नीट बघितलं नाही. २०२४ मध्ये तिरुओणम, म्हणजे ओणमचा मुख्य दिवस, १५ सप्टेंबरला, रविवारी होता. घरी गणपती, पाहुणे, हातात वेळ नाही. मोबाइलवरून एका हॉटेलची सद्या मागवली. साडेबाराची वेळ दिली होती, डबे आले चारला. वीसेक प्लास्टिकच्या वाट्या, त्यातली पायसमची, म्हणजे खिरीची, वाटी पिशवीत सांडलेली, पापड वातड झालेले, आणि केळीच्या पानाऐवजी पान छापलेला कागद. पोरीने सगळं नीट मांडलं, जेवली, ‘छान आहे मावशी’ म्हणाली. नंतर आईला व्हिडिओ कॉल लावला आणि बोलताना एकदाही कॅमेरा ताटाकडे वळवला नाही. ते बघून मला फार लागलं. पुढच्या वर्षी, २०२५ मध्ये, मी महिनाभर आधीच कामाला लागले. कुणाच्या घरी, ऑफिसात, शेजारी असं लेकरू असेल तर त्यांच्या उपयोगी पडावं म्हणून सगळं लिहून ठेवते आहे.

आधी तारीख. ओणम दहा दिवसांचा, अत्तमपासून तिरुओणमपर्यंत, आणि खरी सद्या तिरुओणमची. सूर्य सिंह राशीत असताना, म्हणजे त्यांच्या चिंगम महिन्यात, जे श्रवण नक्षत्र येतं तो दिवस. आपल्या पंचांगात नक्षत्राच्या रकान्यात तो सहज सापडतो. २०२५ मध्ये तो ५ सप्टेंबरला, शुक्रवारी आला, नेमका अनंत चतुर्दशीच्या आदल्या दिवशी. म्हणजे मुंबईत फिरायला वर्षातला सगळ्यात अवघड दिवस! २०२६ मध्ये २६ ऑगस्टला, बुधवारी आहे आणि गणपती १४ सप्टेंबरला बसताहेत, त्यामुळे ही ओढाताण होणार नाही.

मग फोन. चार-पाच दिवस आधी मी आठ ठिकाणी फोन केले. विचारायचं नेमकं काय, हे दोन-तीन फोननंतर कळलं. पहिला प्रश्न, बसून पानावर वाढणार की फक्त पार्सल? बऱ्याच जागी सणाच्या दिवशी गर्दी आवरत नाही म्हणून नुसतं पार्सल देतात. दुसरा, ऐन तिरुओणमला आहे ना? काही जण आदल्या दिवशी, उत्राडमला, किंवा पुढच्या रविवारी करतात. तिसरा, पायसम किती? हा प्रश्न चेचीने शिकवला. ‘दोन म्हणाले तर ते मनावर घेऊन करताहेत असं समज,’ म्हणाली. मोठ्या पंचतारांकित हॉटेलांतही सद्या असते, बसायला आरामशीर, पण पैसे साध्या केरळी खानावळीच्या दुप्पट-तिप्पट. शिवाय काही ठिकाणी बुफे असतो, स्वतःच्या हाताने वाढून घ्यायचं. सणाचं जेवण माणसाने हाताने वाढून घेऊ नये असं मला मनापासून वाटतं.

शेवटी फोर्ट ठरलं. पिठा स्ट्रीट आणि आसपासच्या गल्ल्यांत केरळी खानावळी जुन्या आहेत, ‘डिलक्स’ आणि ‘टेस्ट ऑफ केरला’ ही नावं तर फोर्टात नोकरी केलेल्या कुणालाही ठाऊक असतात. आम्ही त्याच भागातल्या एका खानावळीत गेलो. माटुंग्याचा विचार केला होता, पण तिथल्या जुन्या खानावळींतल्या बऱ्याच उडुपी वळणाच्या. जेवण उत्तम, ओणमचं मात्र नव्हे. हा फरक आपल्याला, ‘सगळे साउथ इंडियन’ म्हणणाऱ्यांना, कळत नाही. घरच्या चवीला आसुसलेल्या पोरीला पहिल्या घासाला कळतो.

आदल्या संध्याकाळी ती आमच्याकडे आली. ओणमला दारात पूक्कळम घालतात, फुलांची रांगोळी, आणि त्याच्या मधोमध मातीचा ओणत्तप्पन ठेवतात, चार बाजूंचा, वर निमुळता होत गेलेला. मुंबईत तसली माती आणायची कुठून? आमच्या नातवाने गणपतीसाठी आणलेली शाडूची माती उरली होती. तिने ती भिजवली, मळली, फोनवर आईला दाखवत दाखवत बोटांनी चारी कडा दाबून काढल्या. नातू बाजूला बसून बघत होता. ‘हा कोण?’ म्हणाला. ती म्हणाली, ‘महाबली येणार ना उद्या, त्याच्यासाठी.’ वामनाने पाताळात घातलेला राजा वर्षातून एकदा आपली माणसं सुखात आहेत ना हे बघायला येतो, तो दिवस ओणम. मी त्याला सांगितलं, अरे, हा आपलाच बळीराजा. दिवाळीच्या पाडव्याला आजी ओवाळताना काय म्हणते? ‘इडा पीडा टळो, बळीचं राज्य येवो,’ तो लगेच म्हणाला. पोरीला हे ठाऊकच नव्हतं. तिने मला ते तीनदा म्हणायला लावलं आणि आईला पाठवलं. (फुलं मात्र दादरच्या फुलबाजारातून आदल्या दिवशी पहाटेच आणा, विसर्जनाच्या तोंडावर झेंडूचे भाव दुपारपर्यंत कुठल्या कुठे जातात.)

शुक्रवारी तिने अर्धी रजा घेतली होती, तीनला लॅपटॉप उघडायचा होता. ठाण्याहून साडेनवाची फास्ट पकडली. विसर्जनाच्या आसपास मध्य रेल्वेने जात असाल तर फास्टच पकडा. लालबागची गर्दी करी रोड आणि चिंचपोकळीला चढते-उतरते आणि फास्ट तिथे थांबत नाही. सीएसएमटीला उतरून दादाभाई नौरोजी रस्त्याने दहा मिनिटं चाललं की झालं, टॅक्सी करू नका. पोरीने कसवूची साडी नेसली होती, पांढरीशुभ्र, सोनेरी काठाची. डब्यातल्या एका बाईने मला हळूच विचारलं, ‘सणासुदीला पांढरं का?’ मी सांगितलं, त्यांच्यात हाच सणाचा रंग.

अकराला पोचलो तर रांग गल्लीच्या तोंडापर्यंत. बुकिंग घेत नाहीत, नाव लिहून टोकन देतात. आमचा नंबर तिसऱ्या पंगतीत, सव्वा वाजता. दोन तास उभं राहायची तयारी ठेवा. वयस्क कुणी बरोबर असेल तर एकाने पुढे येऊन टोकन घ्यावं, बाकीच्यांनी मागून यावं. साडेदहाच्या आत गेलात तर बहुतेक पहिल्या-दुसऱ्या पंगतीत बसाल. घरून थोडं खाऊन निघा, पण थोडंच! रांगेत आमच्या पुढे भायंदरहून आलेलं एक जोडपं होतं, मागे बँकेतली पाच मुलं. सगळे एकमेकांना ओणमच्या शुभेच्छा देत होते. मल्याळममध्ये एक म्हण आहे, ‘काणम विट्टुम ओणम उण्णणम’, जमीनजुमला विकावा लागला तरी ओणमचं जेवण जेवायचंच. आपल्याकडे ‘ऋण काढून सण’ हे टाकून बोलायचं वाक्य. त्यांच्याकडे तीच गोष्ट अभिमानाने सांगतात.

आत गेल्यावर लांब टेबलं, पुढ्यात ओलं, पुसलेलं केळीचं पान, निमुळतं टोक डावीकडे. आणि मग वाढपी एकामागून एक. आधी डाव्या कोपऱ्यात उप्पेरी, म्हणजे केळ्याचे जाड काप, आणि गुळात घोळलेली शर्करा वरट्टी. मग लोणची आणि पुळिइंजी. ही चिंच-गूळ-आल्याची, आपल्या पंचामृताची अगदी जवळची नातलग. पानाच्या वरच्या अर्ध्या भागात ओळीने तोरन, ओलन, काळन, अवियल, एरिश्शेरी, कूट्टुकरी, अननसाची पच्चडी, काकडीची किच्चडी. मराठी माणसाला यातलं परकं काही नाही. ओलन म्हणजे नारळाच्या दुधातला कोहळा आणि चवळी. अवियल बघून मला आठवड्यापूर्वी केलेली ऋषिपंचमीची भाजी आठवली. भात कोकणातल्या उकड्या तांदळासारखा, जाड, तांबूस.

मी नेहमीप्रमाणे सांबार मागायला गेले तर पोरीने माझा हात धरला. ‘मावशी, आधी परिप्पु.’ घट्ट वरण, त्यावर तूप, आणि पापड चुरून त्यात कालवायचा. त्याचा भात संपला की सांबाराचा भात, मग पुढचं. एका वेळी सगळं कालवायचं नाही. आपल्याकडे वरणभात, मसालेभात, ताकभात हा क्रम असतोच की, फक्त हॉटेलातल्या थाळीने तो विसरायला लावलाय.

आमच्या ओळीला साठीच्या पुढचे एक वाढपी होते. पायघोळ पांढरं मुंडू, म्हणजे केरळी लुंगी, हातात स्टीलची बादली. पोरीपाशी आले, साडीकडे बघितलं आणि विचारलं, ‘नाट्टिल एविडेया?’ गाव कुठलं? ती म्हणाली, ‘त्रिश्शूर.’ पुढे दोघं काय बोलले ते मला कळलं नाही, चारच वाक्यं होती. पण त्यानंतर तिच्या पानावरचं काहीही संपू दिलं नाही त्यांनी. अवियल संपलं की अवियल, ओलन संपलं की ओलन. ती दोन्ही हात पानावर आडवे धरून ‘मदी, मदी’ म्हणजे पुरे, पुरे म्हणत होती आणि हसत होती. चेचीकडे मी असेच हात धरायचे. आदल्या वर्षीच्या डब्यांत वीस पदार्थ होते, पण ‘अजून घे’ म्हणणारं कुणी नव्हतं.

पायसम दोन आले. एक पालडा, दुधातलं, आणि दुसरं अडप्रधमन, गूळ आणि नारळाच्या दुधातलं. ‘अड’ म्हणजे तांदळाच्या पिठाच्या पातळ पापुद्र्याचे तुकडे. आपल्या गव्हल्यांची खीर गुळात आणि नारळाच्या रसात केली तर कशी लागेल, तसं. ते थेट पानावरच वाढतात. पोरीने त्यात छोटं केळं कुस्करलं, वर पापड चुरला आणि हाताने खायला लागली. गोड खिरीत खारा पापड माझ्या गळी उतरेना, पण तिच्या आग्रहाने एक घास घेतला आणि मग उरलेलं सगळं तसंच खाल्लं. तुम्हीही घ्या. चमचा मागू नका.

जेवण झाल्यावर पान वरच्या बाजूने आपल्याकडे मिटायचं. म्हणजे जेवण पोटभर आणि मनाजोगं झालं. हे ठाऊक नसेल तर शेजाऱ्याकडे बघून करा. तिने पान मिटायच्या आधी आईला व्हिडिओ कॉल लावला, कॅमेरा पानावर फिरवला, मग माझ्यावर, मग त्या वाढप्यांवर. चेचीने विचारलं, ‘पायसम किती?’ ती म्हणाली, ‘दोन.’ चेची माझ्याकडे बघून नुसती मान हलवत राहिली.

माणशी हजाराच्या आतच पैसे लागले. रोख जवळ ठेवा, पंगत उठायच्या गडबडीत मोबाइलचं पेमेंट अडकलं की मागचे खोळंबतात. हात धुवून बाहेर पडायला सव्वा दोन झाले, तिने तीनचं काम सीएसएमटीहून परतीच्या गाडीत बसून फोनवरच सुरू केलं. झोप आणि रजा यांचा हिशेब आधी करा, कारण या जेवणानंतर डोळे उघडे राहत नाहीत. जमलं तर पूर्ण दिवसच रजा घ्यायला सांगा.

कामाच्या दिवशी जमतच नसेल तर केरळी समाजांचे कार्यक्रम बघा. डोंबिवली, चेंबूर, वसई, नवी मुंबई, सगळीकडे त्यांच्या संस्था आहेत आणि तिरुओणमनंतरचे कितीतरी रविवार त्यांचं ओणम चालू असतं. पूक्कळम, तिरुवातिरा नाच, आणि शाळेच्या नाहीतर मंगल कार्यालयाच्या हॉलमध्ये पंगत. कूपन सभासदांमार्फत मिळतं, त्यामुळे ऑफिसातल्या एखाद्या मल्याळी सहकाऱ्याला आधी विचारून ठेवा, आनंदाने आणून देतात. आम्ही पुढच्या रविवारी तिच्या मैत्रिणीबरोबर अशा एका कार्यक्रमाला गेलो, तिथे नातवाला पायसमच्या बादलीपाशी उभं करून वाढायला लावलं.

आता दिवाळीचा पाडवा येतोय. तिने त्या दिवसाची रजा आत्ताच टाकली आहे. बळीला ओवाळायला कणकेचे दिवे करायचे, ते ती करणार म्हणते, आणि मी चेचीला फोन करून अडप्रधमनचं प्रमाण लिहून घेतलं आहे. अड माटुंग्याच्या केरळी दुकानात पाकिटात तयार मिळते.