निळी वायर आणि उलटी बॅटरी

इंग्लंडात आल्यावर मी जे काही उपद्व्याप केले, त्यांतला सगळ्यात वेळखाऊ म्हणजे १९५९ची मॉरिस मायनर १००० घेणं. तुम्ही ॲम्बॅसडरमध्ये बसला असाल तर हिचं घराणं ओळखीचं वाटेल. ॲम्बॅसडर निघाली मॉरिस ऑक्सफर्डवरून, आणि ही त्याच घरातली धाकटी. ॲलेक इसिगोनिस यांची रचना, १९४८ साली बाजारात आली. वळताना इंडिकेटर लुकलुकत नाही, तर दरवाजामागच्या खांबातून केशरी हात बाहेर येतो. लोक थांबून बघतात. मी अजूनही बघतो.

तर एका संध्याकाळी हेडलाइट लावले आणि डॅशबोर्डखालून जळक्या रबराचा वास आला, मग धुराची बारीक रेघ. दिवे बंद केले, गाडी ढकलतच गॅरेजमध्ये घातली. चाळीस वर्षांहून जुन्या, मोठे फेरफार न केलेल्या गाडीला इथे दरवर्षीच्या एमओटी तपासणीतून सूट असते. ऐकायला छान वाटतं. पण गाडी रस्त्यावर चालवण्याजोगी ठेवण्याची जबाबदारी मालकावरच राहते, आणि तपासणारा कोणी नसतो म्हणून असले घोटाळे वर्षानुवर्षं आत दडून बसतात.

पहिली चूक माझीच. वायरिंगला हात लावण्याआधी बॅटरी सोडवायची, एवढं माहीत होतं. आपल्या हाताला सवय ‘निगेटिव्ह आधी’ची. पाना लावला, फिरवला, पान्याचं दुसरं टोक बॉडीला टेकलं आणि अशी ठिणगी उडाली की पान्यावर खाच पडली. या गाडीत पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेलं असतं! म्हणजे निगेटिव्ह हेच जिवंत टोक. नियम खरा असा आहे की बॉडीला जोडलेलं टोक आधी काढायचं. आपण तो नियम न शिकता ‘निगेटिव्ह आधी’ एवढंच पाठ करतो. शेजारचे निवृत्त इलेक्ट्रिशियन आजोबा कुंपणापलीकडून हे पाहत होते. काही बोलले नाहीत, फक्त चष्मा आणायला घरात गेले.

त्या काळच्या ब्रिटिश गाड्यांत रंगांची एक भाषा आहे. तपकिरी म्हणजे थेट बॅटरीकडून, मध्ये फ्यूज नाही. पांढरी किल्लीनंतरची. हिरवी तीच, पण फ्यूजमधून गेलेली. लाल पार्किंग दिव्यांची, निळी हेडलाइटची, काळी अर्थची. भाषा सुरेख, फक्त साठ वर्षांच्या धुळीत तपकिरी, लाल आणि काळी सगळ्या एकाच रंगाच्या झालेल्या असतात. वायरींवर सुती विणीचं आवरण आहे. ते ओल्या फडक्याने हलकेच पुसायचं, आणि तरी कळलं नाही तर जिथे वायर दुसऱ्या वायरींखाली दबलेली असते तिथे बघायचं. तिथला रंग टिकलेला असतो.

निळी सापडली. म्हणजे तिची निळाई होती तेवढीच जी जळाली नव्हती. कोणीतरी मधला तुकडा कापून तिथे निम्म्या जाडीची लाल वायर घातली होती. टोकं नुसती पिळून वर काळी टेप. टेपचा डिंक वितळून काकवीसारखा झाला होता, आणि आत तांब्याची तार हिरवी पडलेली.

आजोबांनी कागदावर हिशेब मांडला. ६० वॉटचे दोन दिवे म्हणजे १२० वॉट, १२ व्होल्टवर १० अँपिअर. पिळलेल्या सांध्यात ०.१ ओहम रोध जरी आला, तरी तेवढ्या एका ठिकाणी १० वॉट उष्णता. नखाएवढ्या जागेत, टेपमध्ये गुंडाळलेली. फ्यूज का उडाला नाही? कारण या गाडीत फ्यूज दोनच, आणि हेडलाइट त्यांतल्या एकावरही नाहीत. शिवाय जास्त रोधामुळे करंट वाढत नाही, कमीच होतो, त्यामुळे फ्यूज असता तरी गप्प राहिला असता. माझ्या डोक्यात ही गोष्ट इतक्या वर्षांत शिरलीच नव्हती.

नवी घातलेली वायर ०.३० मिलिमीटरच्या २८ तारांची, १७.५ अँपिअर सोसणारी. टोकं सोल्डर करायची (वितळलेल्या धातूने जोडायची) की क्रिंप (चिमट्याने दाबून घट्ट बसवायची) यावरून आमचं वाजलं. सोल्डर वायरीत वर चढतं, तिथे ती ताठ होते आणि गाडीच्या हादऱ्यांनी नेमकी त्याच कडेला तुटते, असं माझं म्हणणं. त्यांचं म्हणणं, टोकाशी आधार दिला तर तुटत नाही, आणि तुमचा तो चिमटा भिकार आहे. दुसरा मुद्दा खरा होता. शेवटी बुलेट टोकं, म्हणजे वायरीच्या शेवटी बसणारी बंदुकीच्या गोळीसारखी टोकं, त्यांनी सोल्डर केली. इंजिनमागच्या पत्र्यातून वायरी जातात तिथली रबरी कडी वाळून फुटली होती, तीही बदलली. नाहीतर वर्षभरात पत्र्याच्या धारेने नवी वायरही सोलली असती.

बॅटरी जोडताना त्यांनी मध्ये २१ वॉटचा ब्रेकचा बल्ब घातला. आत कुठे शॉर्ट असेल तर हा बल्ब पेटेल, वायर नाही. सगळी बटणं बंद ठेवून जोडलं. बल्ब काळाच. मग बल्ब काढला, बॅटरी थेट जोडली, हेडलाइटचं बटण ओढलं, डाव्या पायाने जमिनीवरचं डिपरचं बटण दाबलं. खट्.

उजवा झगझगीत, डावा पिवळट. मीटर लावला तर डाव्या दिव्याची काळी वायर आणि बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक यांच्यात जवळजवळ एक व्होल्ट. म्हणजे अर्थचा सांधा खराब: ती वायर बॉडीला जोडणारा, गंजलेला एक स्क्रू. आजोबांनी खिशातून पॉलिश पेपरचा तुकडा काढून माझ्या हातात दिला आणि चहा प्यायला गेले.