चुन्याच्या निवळीचा ऑटो टॉप-ऑफ: तीन फुटी रीफ टाकीचं काम कुठवर आलं

रीफ टाकी म्हणजे जिवंत प्रवाळांची खाऱ्या पाण्याची टाकी. उडालेलं पाणी आपोआप भरून काढणारी जोडणी म्हणजे ऑटो टॉप-ऑफ. इथे साध्या पाण्याऐवजी चुन्याची निवळी भरतो, कारण प्रवाळांना सांगाड्यासाठी लागणारं कॅल्शियम आणि अल्कलिनिटी (आम्ल शोषण्याची पाण्याची क्षमता) त्यातून मिळते. मुख्य टाकी ३६ × १८ × १८ इंच, खाली सम्प (वरून येणारं पाणी आणि ते परत वर नेणारा पंप यांची दुसरी टाकी). खडक आणि वाळू वजा जाता एकूण पाणी सुमारे १८० लिटर. सम्पची गळती-चाचणी झाली, पाइपिंग झालं, ऑटो टॉप-ऑफ चुन्याच्या निवळीवर चालू आहे. पंख्यांचा थर्मोस्टॅट आणि पावसाळ्यासाठीचं वेगळं डोसिंग (रसायनं मोजून देणं) बाकी आहे.

सम्पबद्दल थोडक्यात. २४ × १२ × १६ इंच, आत ९ इंच उंचीच्या तीन आडव्या काचा, दोन काचांत एक इंच फट, मधली काच तळापासून एक इंच वर. म्हणजे पाणी वरून, खालून, पुन्हा वरून जातं आणि बुडबुडे तिथेच सुटतात. सिलिकॉन व्हिनेगरसारखा वास येणारंच घ्या. बाथरूमसाठीच्या नळीत बुरशीनाशक असतं, ते टाकीत चालत नाही. किमान ४८ तास सुकू द्या, मग साध्या पाण्याने भरून खाली कोरडा कागद अंथरून ठेवा. काचेच्या भोकात बसणाऱ्या पाइपच्या जोडाला प्लंबिंगच्या दुकानात बल्कहेड म्हणून मागू नका, टँक निपल मागा. आधी निपल विकत घ्या, त्याचं माप काढा आणि मगच काचेला भोक पाडून घ्या. तळाची काच टफन्ड असेल तर ड्रिल लावताच फुटते. दगडांबद्दल एकच गोष्ट: दगडी प्रवाळ वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ च्या अनुसूची १ मध्ये आहेत, त्यामुळे मालवणच्या किंवा कुठल्याही किनाऱ्यावरून जिवंत वा मेलेला तुकडा उचलायचा नाही.

वीज गेल्यावर वरचं पाणी खाली येतं, त्याचा हिशेब आधी करा. मुख्य टाकीत १ सेंमी पाणी म्हणजे ४.१ लिटर. परतीच्या पाइपचं तोंड पृष्ठभागाखाली २ सेंमी असेल तर निदान ८ लिटर खाली उतरणार. पाइपचं तोंड जितकं वर तितकं बरं. सायफन तोडायला पाडलेल्या बारीक भोकात शेवाळ बसतं, म्हणून केवळ भोकाच्या भरवशावर राहू नका.

आता टॉप-ऑफ. बाष्पीभवनाने पातळी खाली येते ती सम्पच्या शेवटच्या, पंपाच्या कप्प्यातच. बाकीच्या कप्प्यांची पातळी काचांनी बांधलेली असते. म्हणून फ्लोट स्विच (पाण्याच्या पातळीने चालू-बंद होणारा तरंगता स्विच) तिथेच बसवायचा. हा कप्पा १५ × ३० सेंमी आहे, १ सेंमी म्हणजे ४५० मिली. रोज ३ लिटर उडत असेल तर दिवसाला साडेसहा सेंमी उतार पडतो. पंपाच्या डोक्यावर निदान तेवढं पाणी हवं, नाहीतर पंप हवा ओढतो आणि टाकीभर बारीक बुडबुडे येतात.

सुटे भाग मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात पासोड्या विठोबाच्या परिसरात सहज मिळतात: प्लास्टिकचे दोन फ्लोट स्विच, १२ व्होल्टचा रिले (छोट्या प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणारा स्विच), १२ व्होल्टचा ॲडॉप्टर, १एन४००७ डायोड आणि छोटा पेरिस्टाल्टिक पंप (रोलरने नळी दाबून पाणी ढकलणारा, मिनिटाला सुमारे ५० मिली). फ्लोटमधला रीड स्विच नाजूक असतो. पंपाची मोटर त्यातून थेट चालवली की ठिणगीने संपर्क चिकटतात आणि पंप चालूच राहतो. स्वस्त टॉप-ऑफमधला हा सगळ्यात नेहमीचा अपघात आहे. म्हणून फ्लोटमधून फक्त रिलेच्या कॉइलचा प्रवाह न्यायचा, मोटर रिलेच्या संपर्कावर, आणि कॉइल व मोटर दोन्हींना आडवा डायोड, पट्टीची बाजू धन टोकाकडे.

दोन्ही फ्लोट एकामागोमाग जोडायचे. खालचा कामाचा, त्याच्या २ सेंमी वर दुसरा सुरक्षेचा. खालचा अडकला तरी पाणी वरच्यापर्यंत चढताच सर्किट तुटतं. बसवल्यावर खालचा फ्लोट बोटाने दाबून धरा, कप्प्यात तांब्याने पाणी ओता आणि रिले सुटल्याचा आवाज येतो का पाहा. फ्लोटभोवती भोकं पाडलेला दोन इंची पीव्हीसीचा तुकडा लावा, नाहीतर गोगलगाय फ्लोटवर चढून बसते.

तिसरं कुलूप टायमरचं. रात्री १० ते सकाळी ६, दर तासाला १० मिनिटं. ५० मिली × १० × ८ म्हणजे रात्रीत जास्तीत जास्त ४ लिटर, त्यापुढे पंपाला वीजच मिळत नाही. टायमर डिजिटल, आत बॅटरी असलेलाच घ्या. चाकाचा टायमर वीज गेली की थांबतो आणि रात्रीचा डोस दुपारी पडायला लागतो. निवळी रात्री द्यायची कारण तेव्हा प्रकाशसंश्लेषण थांबलेलं असतं, कार्बन डायऑक्साइड वाढून पीएच खाली आलेला असतो.

इतकी काळजी का, ते आकड्यांत. लिटरला दीड ग्रॅम कॅल्शियम हायड्रॉक्साइडची निवळी १८० लिटरमध्ये १ लिटर गेली तर अल्कलिनिटी ०.६ डीकेएचने (अल्कलिनिटीचं एकक) आणि कॅल्शियम सुमारे ४.५ पीपीएमने वाढतं. निवळीची २० लिटरची बादली एकदम रिकामी झाली तर १२ डीकेएचहून जास्त, पीएच ९ च्या पुढे आणि पाणी दुधाळ. बादली म्हणून १० लिटरचीच ठेवली आहे.

चुना प्रयोगशाळेच्या दर्जाचा, डबाबंद. पानाच्या चुन्यात पाणी किती ते कळत नाही, म्हणून वजन करून उपयोग नाही. कळीचा चुना तर अजिबात नको, तो पाण्यात उकळतो. पाणी आरओचं, पण घरगुती आरओमधला टीडीएस कंट्रोलर आणि मिनरलची कांडी बंद केल्याशिवाय नाही, आणि पुढे डीआय रेझिन (उरलेले क्षार काढणारं) हवंच. ढवळल्यावर काही तास निवळू द्या. वर दुधावरच्या सायीसारखा पापुद्रा धरतो, तो मोडू नका. झाकण घट्ट ठेवा. पंपाची नळी तळापासून ४ सेंमी वर, म्हणजे गाळ ओढला जात नाही. दुसरं टोक सम्पच्या पाण्याच्या वर लटकतं हवं. पाण्यात बुडालं की तोंडावर चुनखडी बसून नळी तुंबते. तुंबली तर व्हिनेगरमध्ये बुडवा. निवळीचा पीएच १२.४ च्या आसपास असतो. चष्मा आणि हातमोजे घाला, बादली मुलांच्या हाताला लागेल अशी ठेवू नका.

महाराष्ट्रातल्या हवेत खरी अडचण ऋतूंची. १ लिटर पाणी उडताना सुमारे दोन तृतीयांश युनिट विजेइतकी उष्णता घेऊन जातं, म्हणून मे महिन्यात पंख्यांनी टाकी थंड राहते आणि रोज ५ लिटर उडू शकतं. मुंबईच्या जुलैत हवाच ओली, दीड लिटरही कठीण. प्रवाळांची भूक मात्र तीच राहते. ती रोज १.५ डीकेएच धरली तर सध्याच्या ३ लिटरला लिटरमागे १.२ ग्रॅम चुना पुरतो. मे महिन्यात तो ०.७ ग्रॅमवर आणायचा आणि टायमर १३ मिनिटांवर न्यायचा. जुलैत संपृक्त निवळीनेही रोज ०.६ डीकेएच कमी पडतं.

ती तूट भरायला दोन बाटल्या. एकीत १५७ ग्रॅम खायचा सोडा, ओव्हनमध्ये १५० अंशांवर तासभर भाजून, पाण्यात विरघळवून १ लिटर. दुसरीत १३२ ग्रॅम कॅल्शियम क्लोराइड डायहायड्रेट, तेही १ लिटर. विरघळताना गरम होतं, पावडर पाण्यात थोडी थोडी टाका. आपल्या १८० लिटरला १ डीकेएचसाठी प्रत्येकी ३४ मिली, म्हणजे ०.६ साठी २० मिली. दोन्ही एकाच जागी ओतले तर तिथेच पांढरा साका होतो. जोरदार प्रवाहात, वेगवेगळ्या वेळी द्या. दोन्हींसाठी तसेच आणखी दोन पेरिस्टाल्टिक पंप लावायचे आहेत, पण आधी प्रत्येकाचा मिनिटाचा प्रवाह मोजपात्राने काढायचा. सिलिकॉनची नळी रोलरखाली दबून झिजते आणि आकडा हळूहळू घसरतो, त्यामुळे हे मोजमाप दर महिन्याला पुन्हा करावं लागेल.