हनोईच्या रस्त्यावर सापडलेली मोकळीक

मी रावेर तालुक्यातील सावद्याची. जिल्हा परिषदेच्या शाळेत ३१ वर्षे शिकवल्यामुळे गावात मला ओळखत नाही असे घर विरळाच, आणि उंबरा ओलांडला की कोणीतरी विचारतेच, ‘बाई, कुठे निघाल्या?’ त्या विचारण्यात माया असते. परंतु त्याचे उत्तर आधी मनात जुळवायचे आणि मगच चपला घालायच्या, ही सवय माझ्या किती अंगवळणी पडली होती, हे मला व्हिएतनामला गेल्यावर उमगले.

निवृत्तीनंतर जळगावच्या टपाल कार्यालयातील पासपोर्ट केंद्रात मी १५०० रुपये शुल्काचा पासपोर्ट काढला आणि २५ डॉलर भरून व्हिएतनामचा ई-व्हिसा मोबाइलवरच मिळवला. कागदपत्रांचे काम धास्ती घेण्याइतके अवघड निघाले नाही. अवघड गेला तो हनोईतला पहिला दिवस. खोलीच्या खिडकीतून खालची मोटारसायकलींची अखंड रांग पाहत मी दुपारपर्यंत बसून राहिले, कारण समोर दिसणाऱ्या दुकानापर्यंत जायचे तरी कसे, हेच मला समजत नव्हते.

अखेर खाली उतरले आणि पदपथाच्या कडेला उभी राहिले. शेजारी खांद्यावर कावड घेतलेली, माझ्याच वयाची एक फळविक्रेती होती. तिने माझ्याकडे पाहिले, माझे मनगट धरले आणि काही न बोलता रस्त्यात पाऊल टाकले. ती थांबली नाही, धावलीही नाही. एकाच संथ चालीने चालत राहिली आणि गाड्या आमच्या दोन्ही बाजूंनी वळसा घालून जात राहिल्या. आपल्याकडे आपण गाडी चुकवतो, तिथे गाडी आपल्याला चुकवते. मात्र त्यासाठी आपली चाल समोरच्याला ओळखता आली पाहिजे. पलीकडे पोहोचल्यावर तिने हात सोडला आणि ती आपल्या वाटेने निघून गेली. त्यानंतर मी तोच रस्ता उगाचच चार वेळा एकटीने ओलांडला, आणि चौथ्या खेपेला छातीतली धडधड थांबलेली होती.

पैशांची भीतीही अशीच गेली. तिथली २० हजार डोंगची आणि ५ लाख डोंगची, अशा दोन्ही नोटा निळसर असतात. शहाळ्यासाठी मी चुकून ५ लाखांची, म्हणजे आपल्या दीड हजारांहून अधिक रुपयांची नोट पुढे केली, तेव्हा विकणाऱ्या मुलाने मान हलवून ती परत दिली आणि माझ्या पाकिटातल्या दुसऱ्या नोटेकडे बोट दाखवले.

मी शाकाहारी आहे. त्यांच्या भाषेत शाकाहारी जेवणाला ‘चाय’ म्हणतात, एवढा एकच शब्द मी पाठ केला होता. होआन कीम तलावाजवळच्या एका गल्लीत, बुटक्या प्लास्टिकच्या स्टुलावर बसून मी तो उच्चारला, तेव्हा माझ्यासमोर आली केळफुलाची कोशिंबीर: बारीक चिरलेले जांभळट केळफूल, वर भरडलेले शेंगदाणे आणि लिंबाचा रस. आमच्या भागात घड निसवल्यावर केळफूल कापून बहुधा बांधावर टाकून देतात. माझ्या वडिलांनी हजारो कापली असतील. तुरट चवीचा तो पहिला घास खाताना मला परकेपणा वाटला नाही आणि ओळखीचे ओझेही वाटले नाही. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी नसण्याचा अनुभव मी त्यापूर्वी कधीही घेतला नव्हता.

पुढचे पाच दिवस मी पहाटे तलावाकाठी जात असे. तिथे माझ्याहून वयस्कर स्त्रिया संगीताच्या तालावर व्यायाम करीत. तिसऱ्या दिवशी मी साडीचा पदर खोचून शेवटच्या रांगेत उभी राहिले. शेजारच्या बाईने माझ्यासाठी थोडी जागा केली आणि पुन्हा समोर पाहून हात वर नेले. मी कोण, कुठून आले, एकटीच का आले, असे तिने काहीच विचारले नाही.